तारांचे पैसे: किती, कधी आणि कोणाला

पोरांच्या दातांना तारा लावायच्या म्हणलं की पहिला प्रश्न येतो "किती लागतील?" आणि सगळी चौकशी तिथेच संपते. आम्ही पण तिथूनच सुरू केलं. पण चारपाच ठिकाणी फिरून, घरात दोनचार भांडणं करून (छोटी) माझं मत असं झालंय की किती द्यायचे याच्याइतकंच ते कधी द्यायचे आणि कोणाच्या हातात द्यायचे हे बघायला पाहिजे, कारण हे काम दीड-दोन वर्षं चालतं आणि पैसे मात्र सगळ्यांना पहिल्याच दिवशी पाहिजे असतात.

आधी आमचं सांगते म्हणजे आकडे कोणत्या घरातले आहेत ते कळेल. अमळनेरला ह्यांचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान, मी घरी पाचवी ते आठवीच्या ट्यूशन घेते. दुकान जून-जुलैत पळतं, दाखले, ऍडमिशन, स्कॉलरशिप, मग दिवाळीपर्यंत रांगतं. अमळनेरात ज्यांच्या आजोबांनी वेळेवर इथेच सुरू झालेल्या विप्रोचे शेअर घेऊन ट्रंकेत टाकून ठेवले त्यांनी हे पुढचं नाही वाचलं तरी चालेल. आमच्या आजेसासऱ्यांनी त्याच काळात म्हैस घेतली होती. म्हैस चांगली होती म्हणतात.

तर लेक तेराची, वरचे दात पुढे. ह्यांच्याकडे सगळ्यांचेच आहेत त्यामुळे सासरी कोणाला त्यात काही वावगं दिसत नव्हतं, आणि माहेरी सगळ्यांना दिसत होतं. माझ्या मावशीने तर सरळ सांगून टाकलं की लग्नाच्या वेळी बघतील लोक, आत्ताच करून घ्या. मला हे ऐकून इतका राग आला की मी दोन महिने विषयच काढला नाही. तेराव्या वर्षी पोरीच्या लग्नाचं काय घेऊन बसलात?

मग तिला डॉक्टरांकडे नेलं ते दुसऱ्याच कामासाठी, दाढेत कीड होती. त्यांनी छोटी स्टीलची पट्टी तिच्या दातात आडवी धरली आणि मोजून सांगितलं, ८ मिलिमीटर. म्हणजे वरचे पुढचे दात खालच्यांच्या ८ मिलिमीटर पुढे. याला ओव्हरजेट म्हणतात, २-३ मिलिमीटर असलं तर ठीक असतं, ६ च्या वर गेलं की पोरगं सायकलवरून पडलं, कबड्डीत धडकलं तर पुढचे दात तुटायची भीती बरीच वाढते कारण ओठाचं झाकणच पुरत नाही. माझी पोरगी रोज सायकलने शाळेत जाते. तेव्हा माझ्या डोक्यात हा खर्च शोभेच्या खात्यातून निघून गरजेच्या खात्यात गेला. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण दोन दात जरा एकमेकांवर चढलेत, बाकी चावायला-बोलायला काही त्रास नाही, असं असेल तर ते काम थांबू शकतं, पोरगं कमवायला लागल्यावर स्वतःच्या पैशाने करू शकतं, दात मोठेपणी पण सरकतात. पण जबडाच मागे आहे आणि डॉक्टर म्हणतायत वाढीच्या वयातच ते काढघालीचं यंत्र, ट्विन ब्लॉक वगैरे लावावं लागेल, तर तिथे थांबून चालत नाही, वाढ संपली की मोठेपणी ऑपरेशनशिवाय पर्याय उरत नाही कधीकधी. म्हणून पैशाचं बोलायच्या आधी डॉक्टरांना विचारा, दोन वर्षं थांबलो तर काय बिघडेल? जो डॉक्टर याचं सरळ उत्तर देतो त्याच्याकडे परत जावं.

आणि हे बघणारा डॉक्टर ऑर्थोडॉन्टिस्ट पाहिजे, म्हणजे बीडीएस झाल्यावर तीन वर्षं याच विषयात एमडीएस केलेला. आपल्या तालुक्याच्या गावांना हा माणूस रोज बसत नाही, बाहेरून येतो, महिन्यातून एकदा-दोनदा, दुसऱ्याच्या दवाखान्यात. ते वाईट आहे असं नाही, आमच्या ओळखीतल्या कितीतरी पोरांचे दात असेच सरळ झालेत. फक्त पैसे देताना ते लक्षात ठेवायचं, का ते पुढे येईलच.

दर विचाराल तर आपल्याकडे साध्या मेटलच्या तारांना २५ हजारापासून ५०-६० हजारापर्यंत काहीही सांगतात. सिरॅमिक म्हणजे दाताच्या रंगाच्या, त्या आणखी १०-२० हजाराने वर. आणि ते पारदर्शक अलाइनर, म्हणजे तारेऐवजी दातांवर चढवायचे प्लास्टिकचे साचे, ते तर लाखाच्या घरात. आम्हाला अमळनेरात ३२, धुळ्याला ३८ आणि जळगावला ४५ हजार सांगितले, सगळे मेटलचे. काम सारखंच आहे, मेटल आणि सिरॅमिकने दात वेगळे सरकत नाहीत, फक्त दिसायचा फरक, उलट दातावर चिकटवतात ती चकती सिरॅमिकची असली की चटकन तुटते. पोरीला मी विचारलं तुला चांदीसारख्या दिसतील चालेल का, ती म्हणे वर्गात चौघींना आहेत, रंगीत रबर मिळत असेल तर चालेल. संपला विषय. सिरॅमिकचे पैसे वाचले ते पोरीमुळे, मी उगीच आठवडाभर त्यावर विचार करत बसले होते.

घरात आकडा सांगितला तर सासूबाईंचं पहिलं वाक्य, "दातस्ले तार बांधाले चाळीस हजार? इतलामा तं गाय ई जाई!" आमच्या घरात सगळं शेवटी गाई-म्हशीवरच येतं.

आता पैसे आणायचे कुठून. इन्शुरन्सचं पटकन उरकते, तिथे काही नाही. ह्यांची मेडिक्लेम आहे, त्याच्या अटींमध्ये दाताची ट्रीटमेंट वगळलेली आहे, अपघातात जबडा-दात मोडले तरच. महात्मा फुले योजनेत मोठमोठी ऑपरेशनं बसतात, तारा बसत नाहीत. हां, कोणाच्या बाळाचा ओठ किंवा टाळू जन्मतः फाटलेला असेल तर तो वेगळा विषय, त्याचं ऑपरेशन फुकट होतं, अंगणवाडी-शाळा तपासायला येणारं आरोग्याचं पथक त्याची नोंद करतं, त्यांना गाठा.

मग ईएमआय. जळगावच्या दवाखान्यात काउंटरवरच्या मुलीने लॅमिनेट केलेला कागद पुढे सरकवला, त्यावर हसऱ्या बाईचा फोटो आणि खाली झिरो टक्के. ४५ हजार, १२ हप्ते, महिन्याला ३,७५०. "मॅडम व्याज काहीच नाही, फक्त प्रोसेसिंग फी १,५०० आणि त्यावर जीएसटी." आधार आणि पॅन असेल तर इथेच दहा मिनिटात होऊन जाईल. खरं सांगू, त्या एसीत बसल्यावर मला ते फार सोपं वाटलं. ह्यांनी मात्र आपला दुकानदारी प्रश्न टाकला, रोख दिले तर? ती आत जाऊन आली आणि म्हणाली सर ४२ करून देतील.

इथेच गंमत आहे बघा. रोखीत ४२ आणि हप्त्याने ४५, वर १,५०० आणि १८ टक्के जीएसटीचे २७० म्हणजे १,७७०. एकूण ४,७७० रुपये आपण जास्त देतोय, आणि ते पण ४२ हजार वर्षभर वापरायला मिळतायत असं नाही, दर महिन्याला मुद्दल कमी होत चाललंय. ह्यांनी घरी येऊन दुकानाच्या कॉम्प्युटरवर एक्सेलमध्ये टाकून बघितलं तर वर्षाला २१ टक्क्याच्या आसपास व्याज पडतं. झिरो म्हणे! रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना सांगून ठेवलंय की शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, ते कुठेतरी फीमध्ये नाहीतर सूट न देण्यात लपलेलं असतं. तर कुठेही ईएमआयचा कागद पुढे आला की आधी रोखीचा भाव विचारायचा, लाजायचं नाही. रोख आणि हप्ता खरंच एकच भाव असेल आणि फी पण नसेल तर घ्या बिनधास्त, असेही दवाखाने आहेत.

पण मला व्याजापेक्षा दुसरीच गोष्ट जास्त खटकली. हा हप्ता तुम्ही डॉक्टरला देत नाही, फायनान्स कंपनीला देता. कंपनी डॉक्टरला सगळे पैसे सुरुवातीलाच देऊन मोकळी. म्हणजे पोरीच्या दातात आज तार बसली, अजून एक दात मिलिमीटरभर हललेला नाही, आणि डॉक्टरला कामाचे पैसे पोचले सुद्धा. उद्या डॉक्टर गाव सोडून गेला, दवाखाना बंद झाला, आपली बदली झाली, तरी हप्ता खात्यातून कटतच राहणार, कारण ते कर्ज आहे, दाताशी त्याचा काही संबंध नाही. आणि खात्यात पैसे नसले तर बँक वेगळा दंड घेणार, कंपनी वेगळा, वर सिबिल, म्हणजे आपला कर्ज फेडायचा रेकॉर्ड, खराब.

हे मी घाबरवायला सांगत नाहीये. अमेरिकेत स्माइलडायरेक्टक्लब म्हणून घरपोच अलाइनर देणारी मोठी कंपनी होती, डिसेंबर २०२३ मध्ये एकदम बंद पडली. लोकांची ट्रीटमेंट अर्धवट, पुढचे अलाइनर येणार नाहीत, आणि ज्यांचे हप्ते चालू होते त्यांना सांगण्यात आलं की हप्ते भरत राहा. तिथे एवढी मोठी कंपनी अशी गेली, तर महिन्यातून एकदा येणाऱ्या डॉक्टरच्या भरवशावर सगळे पैसे पहिल्या दिवशी कोण देणार?

सोनं. जळगाव जिल्ह्यात राहून सोन्याचा विषय निघणार नाही असं होत नाही. सासूबाईच म्हणाल्या माझ्या बाळ्या मोडा. (गाईचं बोलणाऱ्या त्याच.) आज तोळा लाखाच्या वर गेलाय तर मोडायला मोह होतोच, पण मोडताना घट धरतात, मजुरी तर गेलीच, आणि परत करायला जा तर मजुरी नव्याने आणि वर ३ टक्के जीएसटी. आमच्या घरात मोडलेलं सोनं परत झालेलं मी तरी बघितलं नाही. मोडण्यापेक्षा बँकेत तारण ठेवलेलं बरं, साधारण ९-१० टक्क्याने मिळतं, झिरो टक्क्यापेक्षा किती स्वस्त बघा! फायनान्सवाल्यांकडे दर जास्त असतो, विचारून घ्यायचा. अगदीच अडलं असतं तर आम्ही हेच केलं असतं.

बचत गटाचं सांगते. आमच्या गटात दोन रुपये शेकड्याने मिळतात, म्हणजे वर्षाचे २४ टक्के, ऐकायला जास्त वाटतं. पण २० हजार घेतले आणि दहा महिन्यात दर महिन्याला २ हजार मुद्दल फेडत गेलं तर एकूण व्याज २,२०० होतं, आणि ते व्याज शेवटी गटातच राहतं, त्यात आपला पण वाटा. शिवाय एखाद्या महिन्यात कमी पडलं तर अध्यक्षबाई घरी येऊन चहा पिऊन चार शब्द ऐकवून जातात, सिबिलला कळवत नाहीत. तरी पण मी गटातून घेतलं नाही, कारण त्याच वेळेस आमची भिशी डोक्यात आली. बारा जणी, महिन्याला दोन-दोन हजार, नंबर एरवी चिठ्ठीने. मी पहिल्याच महिन्यात सांगून ठेवलं होतं की मला जूनचा नंबर पाहिजे, पोरीच्या दाताचं काम आहे. दोघींनी नाकं मुरडली पण दिला. २४ हजार एकरकमी, व्याज शून्य, खरं शून्य.

राहिलं सरकारी आणि कॉलेज. आपल्या जवळ धुळ्याला साक्री रोडला एसीपीएम डेंटल कॉलेज आहे, पुढे संभाजीनगरला सरकारी डेंटल कॉलेज. कॉलेजमध्ये एमडीएस करणारे डॉक्टर काम करतात आणि वर सर तपासतात, दर खाजगी दवाखान्यापेक्षा कमी असतात, आणि काम घाईचं नसतं, उलट इतकं बारकाईने फोटो, माप, साचे घेतात की आपणच कंटाळतो. ज्याच्याकडे वेळ आहे आणि पैसा नाही त्याने दुसरं काही बघूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. अडचण वेळेचीच. ओपीडी सकाळची, आठवड्याच्या दिवशी, म्हणजे दर महिन्याला पोरीची शाळा बुडणार, आणि एमडीएस तीन वर्षांचं असल्यामुळे आपलं काम लांबलं तर मधेच डॉक्टर बदलतो, नवीन येणाऱ्याला सगळं पहिल्यापासून. माझ्या नणंदेच्या पोराचं कॉलेजातच झालं, छान झालं, पण नणंदेचं घर कॉलेजजवळ आहे हो. आमच्याकडे माझी ट्यूशन, ह्यांचं दुकान, पोरगी आठवीत. नाही जमलं.

शेवटी धुळ्याच्याच एका खाजगी दवाखान्यात ठरलं, ३८ हजारवाला. अमळनेरपेक्षा ६ हजार जास्त का, तर तो ऑर्थोडॉन्टिस्ट तिथे रोज बसतो, दवाखाना त्याचा स्वतःचा. रविवारी सकाळी पण बघतो. एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट, मी आणि लेक दोघी जाऊन येतो तर भाड्याचं ओझं वाटत नाही, ह्यांना मुद्दाम नेत नाही, त्यांचं पूर्ण लागतं.

आणि पैशाचं असं ठरवलं की तारा बसवायच्या दिवशी १० हजार आणि नंतर दर भेटीला २ हजार, चौदा भेटींमध्ये पूर्ण. डॉक्टर आधी म्हणाले निम्मे आधी द्या. मी म्हणलं डॉक्टरसाहेब, अर्धे पैसे देऊन तुमचं काही वाढणार नाही, पण दर महिन्याला २ हजार घेऊन यायचंच आहे म्हणल्यावर आम्ही एकही तारीख चुकवणार नाही. ते हसले आणि तयार झाले. मला वाटतं बरेच डॉक्टर तयार होतात, लोक विचारतच नाहीत. त्यांची पण भीती असते की तारा लावून पेशंट गायब होतो, चार महिन्यांनी तुटलेल्या तारा घेऊन उगवतो. त्यांना यायची खात्री पाहिजे, आपल्याला कामाची.

त्यांच्याकडे एक पिवळं कार्ड असतं, घडीचं, त्यात तारीख, काय केलं, किती दिले, किती बाकी, आणि डॉक्टरची सही. ते कार्ड आमच्या रेशनकार्डाच्या प्लास्टिकमध्येच ठेवलंय. मी त्यावरच पहिल्या पानावर त्यांच्याकडून लिहून घेतलं की ३८ हजारात काय काय आलं. हे लिहून घेणं फार गरजेचं, कारण आकडा सांगताना फक्त तारांचा सांगतात. ओपीजी (सगळ्या दातांचा एकत्र एक्स-रे) आणि बाजूने चेहऱ्याचा एक्स-रे वेगळा. दात काढायचे असतील तर ते वेगळे, आमच्या लेकीचे वरचे दोन काढायला लागले, ते पैसे वेगळे गेले. तारा लावायच्या आधी दात साफ करणं वेगळं. चकती निघाली की पुन्हा चिकटवायचे काही ठिकाणी दर वेळी २००-३०० घेतात, आमच्याकडे पहिल्या तीन फुकट. आणि सगळ्यात मोठं म्हणजे तारा काढल्यावर दात जागेवर धरून ठेवायला लागणारं रिटेनर, ते आकड्यात आहे का? बऱ्याच ठिकाणी नसतं, आणि ते नाही घातलं तर दात हळूहळू परत निघाले आपल्या जुन्या जागेवर, म्हणजे ३८ हजार पाण्यात. वरचं खालचं मिळून आणखी काही हजार धरून ठेवा.

दात काढायचं काम मे महिन्यात उरकलं, शाळेला सुट्टी म्हणून. वेळ माझ्या सोयीची होती, पोरीच्या नाही, कारण घरात कैऱ्या आणि तिच्या तोंडात बोळा. तारा जूनच्या शेवटी बसवल्या, दुकान चालतं तेव्हा. तुमच्याकडे कापसाचे पैसे येत असतील तर दिवाळीनंतर सुरू करा, डॉक्टरला महिना-दोन महिन्यांनी काही फरक पडत नाही, आपल्याला पडतो. भिशीच्या २४ मधून १० तारांना, एक्स-रे आणि दात काढायचे उधारीचे फेडले, उरलेले वेगळ्या खात्यात टाकले, तिथून दर महिन्याचे २ हजार. पुढचे महिने ट्यूशनच्या फीमधून जातील, तेवढं जमतं.

आणि एक छुपा खर्च कोणी सांगत नाही, खाण्याचा. कळण्याची भाकरी कडक चालत नाही, फुटाणे-शेंगदाणे बंद, ऊस बंद, मुरमुऱ्यांच्या भेळीत ती दाळ असते ती बंद. शेवभाजीतली शेव पूर्ण मऊ होऊ द्यायची मग खायची, तिला ते आवडत नाही, कुरकुरीत पाहिजे. एकदा लपून खाल्लं आणि चकती निघाली, फुकटच्या तिनातली एक गेली. केळी मात्र लागतील तेवढी, आणि ती आपल्याकडे स्वस्त, रावेर-यावलचे पाहुणे आले की घड घेऊनच येतात.

एक सांगायचं राहिलं. मधे मोबाईलवर व्हिडिओ बघून लेकीच्या वर्गातल्या एकीने पुढच्या दोन दातातली फट बुजवायला साधं रबर घालून ठेवलं होतं रात्रभर. ते रबर घसरत वर हिरडीत जातं, मुळापर्यंत, आणि चांगला दात सैल होऊन पडू शकतो. तिच्या आईला मी स्वतः जाऊन सांगितलं. पैसे नसतील तर काहीच करू नका, दात वाकडे राहून कोणी मरत नाही, पण हे असलं नको.

आता बँकेत महिना ५०० ची आरडी काढलीय रिटेनरसाठी, लेकीच्या नावाने. धाकटा सात पूर्ण झालाय, त्यालाही ह्यांचेच दात आलेत. डॉक्टर म्हणाले वर्षातून एकदा नुसता दाखवत जा, आत्ता काही करायचं नाही. भिशीत पुढच्या फेरीला नाव लावून ठेवलंय तरी.